सुगुणाक्का आणि दोन क्षितिजं

सुगुणाक्कांकडे स्कूटर नाही, सायकलही नाही. पण हेल्मेट आहे, आणि ते घालून त्या भाजी चिरतात.

नवऱ्याची बँकेतली बदली म्हणून आम्ही साताऱ्याहून कुंभकोणमला आलो, तेव्हा शेजारच्या ओट्यावर मला त्यांचं पहिलं दर्शन झालं ते असंच. साठीकडे झुकलेली बारकीशी बाई, सुती साडी, डोक्यावर काळं हेल्मेट, त्याच्या कपाळावर चिकटपट्टीने लावलेली वाळूची पुडी आणि पुढ्यात कच्ची केळी. मी टक लावून बघते आहे हे पाहून त्या मराठीत म्हणाल्या, "वैनी, मान दुखावयास किती वेळ लागतो तें पाहतें. आंत या."

त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरला आले. त्यांच्याबरोबर आलेली मराठी घरात जवळजवळ तशीच राहिली, फक्त तिला तमिळची फोडणी बसली. उंबरठा ओलांडला की सुगुणाक्का तमिळ बोलतात. माझी मराठी ऐकून त्यांना माझी कीव येई. तुमच्या मराठीत इंग्रजी फार शिरलं, असं त्या नवीन माणसाला आजार सांगावा तशा हळू सांगत.

त्या दिवशी कॉफीच्या आधी त्यांनी माझे डोळे मोजले. नाकावर प्लास्टिकची पट्टी आडवी धरून आधी त्यांच्या एका डोळ्यात बघायला लावलं, मग दुसऱ्यात. मी हसले तर म्हणाल्या, "डोकें हलवूं नका." दोन बाहुल्यांमधलं अंतर वहीत लिहिलं, खाली माझं नाव, आणि मग कॉफी आली.

हा छंद नव्हता, नोकरी होती. बंगळूरच्या एका कंपनीत वैमानिकांसाठी हेल्मेटं तयार होत. त्यांच्या काचेवर विमानाचा वेग, उंची, क्षितिजाची रेघ असं सगळं उजेडाने उमटतं, म्हणजे वैमानिकाला मान खाली घालून यंत्रं बघावी लागत नाहीत. सुगुणाक्कांचं काम ते हेल्मेट डोक्यावर चढवून काय दिसतं ते लिहून देण्याचं. जन्मभर त्यांनी तेच केलं. विमान कधी चालवलं नाही. आईच्या आजारपणात त्या गावी परतल्या. आई गेल्या, त्या राहिल्या, आणि नवं हेल्मेट आलं की कंपनी त्यांना चार दिवस बोलावून घेई.

आम्ही यायच्या थोडं आधी अशाच एका हेल्मेटवरून बिनसलं होतं. दोन डोळ्यांसमोरची चित्रं एकमेकांवर बसवायला त्यात एक स्क्रू होता. सुगुणाक्कांनी तो शेवटपर्यंत फिरवला तरी त्यांना क्षितिजाच्या दोन रेघा दिसत होत्या. बाकी सगळ्यांना एकच दिसली. बाकी सगळे पुरुष होते. साहेबांनी समजावलं, की तुमचं वय झालं, डोळे थकले, सही करून टाका. सुगुणाक्का डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन डोळे ठणठणीत असल्याचा दाखला घेऊन आल्या आणि अहवालात लिहिलं: नापास.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. बायका आता विमानं चालवतात. ज्यांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर कमी आहे, त्यांच्यासाठी तो स्क्रू कमी पडतो. साहेब म्हणाले, असे डोळे किती जणींचे असणार? तिथून ती वही सुरू झाली.

मी लिहून घ्यायला त्यांच्याबरोबर हिंडू लागले. तिरुविडैमरुदूरला एका लग्नात त्यांनी जेवणाच्या रांगेत वरमाईला गाठलं. वरमाईला तो आमच्याकडचा काही विधी वाटला, तिने पदर सावरून भक्तिभावाने डोळे मोजून घेतले आणि वर नमस्कार केला. बाजारात फुलवालीने, चष्मा फुकट देता का, असं विचारलं आणि बघता बघता गर्दी जमली. सुगुणाक्कांनी चष्मा नाही हे ठणकावून सांगितलं, तरी सगळ्यांचे डोळे मोजले. एका आजींच्या बाहुलीवर पांढरट पडदा दिसला, तेव्हा त्यांना रिक्षात घालून स्वतः इस्पितळात नेऊन आल्या.

तिरुभुवनमला रेशीम विणणाऱ्या एका म्हातारीने माग थांबवून विचारलं, या वयात मी विमान चालवायचं का? सुगुणाक्का गंभीरपणे तमिळमध्ये म्हणाल्या, "तुमची नात चालवेल. तिचे डोळे तुमच्यावर गेले असतील, तर तिला दोन क्षितिजं दिसतील. मग तिनं कोणतं धरायचं?" आतून सुनेला आणि नातीला बोलावून म्हातारीने पट्टीपुढे उभं केलं.

वही भरली तशी ती बंगळूरला गेली. साहेबांचं उत्तर आलं, की या विणकरणी आहेत, वैमानिक नव्हेत. "वैमानिक काय विमानांत जन्मतात?" सुगुणाक्का मला म्हणाल्या आणि दुसरी वही काढली. दुसरीही गेली. तिसरीच्या मध्यावर कंपनीचं पत्र आलं: स्क्रू बदलला आहे, तपासायला या.

त्या गेल्या. मला वाटलं होतं जाताना खूश असतील, पण तसं काही दिसलं नाही. पुन्हा दोन दिसल्या तर पुन्हा नापास लिहीन, एवढंच स्टेशनवर म्हणाल्या.

दोन दिवसांनी दुपारी भिंतीपलीकडे त्यांच्या बंद घरातला फोन वाजू लागला. खूप वेळ वाजला. थांबला, परत वाजला. जाऊन बघावं का, असा विचार करते तोच माझा मोबाइल वाजला. सुगुणाक्काच होत्या.

"वैनी, एकच दिसते," त्या म्हणाल्या. "एक रेघ. स्वच्छ."

मी अभिनंदन केलं. तुमच्या घरचा फोन मघापासून वाजतो आहे, कोणाचा असेल, असंही विचारलं.



"माझाच," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षें तपासणी झाली कीं आधी आईला कळवीत असें. कोणी उचलणार नाहीं हें ठाऊक आहे मजला. तरी वाजूं दिला."

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे वेळ असेल तर सगळं सविस्तर सांगू का? मी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले.