कडूचं यमक

मेव्हणीच्या लग्नात बायकोचं खरं नाव घ्यायचं, आणि तेही चोख यमक जुळवून, असं गहिनीनाथने ठरवलं तिथेच सगळं बिघडलं. साल एकाहत्तर. गहिनीनाथ नगरच्या एका कचेरीत कारकून, बिऱ्हाड केडगावला. लग्न आठ दिवसांवर, घोडेगावात.

बायकोचं नाव कडूबाई. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, तिसरीला तरी दृष्ट लागू नये म्हणून आईने हे नाव ठेवलेलं. नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली, तेव्हा गहिनीनाथला 'कडू'ला जुळेल असं काही सुचेना. मेव्हणा छगन कानाशी लागला, "कमल म्हणा, दाजी. सोपं पडतंय." गहिनीनाथने म्हटलं. (सोपं दिसलं की तो नेहमीच फसतो.) घरी आल्यावर नव्या नवरीने पहिला प्रश्न केला, "ही कमल कोन?"

नऊ वर्षं झाली, प्रश्न तसाच होता.

शेजारचे योहान मास्तर शाळेत कविता शिकवत. त्यांनी समजावलं, "दोन्ही ओळींचं शेवटचं अक्षर एकच हवं, आधीचा स्वरही जुळायला हवा. म्हणजे लाडू बाद, रडू पास. पण नुसता आवाज जुळून भागत नाही हो. पहिल्या ओळीने ताटकळत ठेवायचं, दुसरीने मोकळं करायचं."

गहिनीनाथ ताटकळला. जेवताना घास हातात धरून पुटपुटला, "पडू... रडू... कडू!"

"दोडका कडू निघाला?" कडूबाईने ताट ओढलं आणि पातेलंभर भाजी उकिरड्यावर नेऊन ओतली. बेत गुपित ठेवायचा असल्याने त्याला बोलताही येईना. दुसऱ्या दिवशी काकडी गेली. तिसऱ्या दिवशी ताक पिताना तो पुन्हा "कडू" म्हणाला.

"ताक कडू? अवो, जीभच बिघडलीया तुमची!" म्हणून तिने त्याला चार दिवस काडेचिराइताचा काढा पाजला. तो मात्र खरोखरच कडू होता. त्या काढ्यावरच अखेर दोन ओळी जुळल्या.

घोडेगावच्या मांडवात बायकांनी थोरल्या जावयाला घेरलं. छगन पुन्हा कानाशी आला. "दाजी, पाव्हणे बडे हायेत. कडूबिडू नको. कमलच म्हणा."

"न्हाई म्हननार," गहिनीनाथ एवढ्या मोठ्याने म्हणाला की वाजंत्री थांबली. "तिचं नाव कडू हाय. ते नाव ठिवलं म्हनून ती जगली. ज्याला ऐकवत नसंल त्यानं मांडवाभायेर जावं!"

आणि मान ताठ करून त्याने म्हटलं,

"गोड खाऊन खाऊन मला येत होतं रडू,
तोंडाला चव आली जेव्हा घरात आली कडू!"

मांडवातून कुणी बाहेर गेलं नाही. सासूबाई गोजरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. कडूबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, की काढ्याचे चारही दिवस वसूल झाले.

"आता तू घे गं!" बायका तिच्यामागे लागल्या. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि क्षणभरही न थांबता म्हणाली,

"दोन ओळी जुळवायाला यांना लागले दिवस सात,
उभ्या उभ्या नाव घेते, बघा गहिनीनाथ!"

मांडव हसून कोसळायचाच बाकी राहिला. गहिनीनाथचा आठवड्याचा अभ्यास मात्र उसळून वर आला. तो हात वर करून ओरडला, "चूक हाय! सात आन् नाथ, यमक जुळत न्हाई! एकात त हाय, एकात थ!"

गोजरबाईंनी डोळे पुसून जावयाकडे पाहिलं.

"जावईबापू, नऊ वर्सं ती तुमच्यासंगं जुळवून घेतीया. तुमी एक अक्षर घ्या की!"