‘माहीत नाही’ म्हणणारे डॉक्टर राऊत

तुमच्या पोटावर सुरी चालवणारा माणूसच ‘मला माहीत नाही’ म्हणाला, तर तुम्ही काय कराल? नालासोपाऱ्यातल्या आमच्या आचोळ्यातले बहुतेक जण चपला शोधायचे.

डॉक्टर राऊत हे वाक्य खणखणीत आवाजात म्हणत. पोटदुखीवाला आला की आधी पोट दाबायचं, मग वसईच्या स्वतःच्या वाडीतलं सुकेळं, म्हणजे उन्हात वाळवलेलं गोड केळं, खणातून काढून त्याच्या नाकासमोर धरायचं. त्याने हात पुढे केला की सुकेळं परत खणात. “भूक आहे! अपेंडिक्स नसावं बहुधा. बहुधा हं!” या ‘बहुधा’पायी त्यांचा धंदा पार बसला होता. पलीकडच्या गल्लीतले सर्जन ‘शंभर टक्के’ म्हणत, रांग तिकडे. मी तेव्हा नालासोपारा स्टेशनबाहेर ‘गरज नसलेली ऑपरेशनं थांबवा’ अशी पत्रकं वाटायचो. मला दोघेही सारखेच वाटत.

एका सकाळी माझी धाकटी बहीण नंदा पोट धरून बसली. तिला डॉक्टर राऊतांकडे नेलं. सुकेळं बघून तिने तोंड फिरवलं. सोनोग्राफीत स्पष्ट काहीच दिसेना.

“नक्की काय ते सांगा ना!” आमचे वडील, अण्णा, ओरडले.

“नक्की हवं तर ज्योतिषाकडे जा. थांबलो तर आत फुटेल कदाचित. उघडलं तर उगाच उघडलं असंही होईल. जरा बघू दे.”

ते पुन्हा पुन्हा येऊन पोट दाबत. “अजून माहीत नाही, वहिनी.” आई देवाचं नाव घेत होती, अण्णा डॉक्टरांच्या सात पिढ्यांचं.

दुपारी ताप चढला. “आता थांबण्यातच धोका जास्त वाटतो. वाटतो, हं.” अण्णांनी कशीबशी मान हलवली.

ऑपरेशन करून ते बाहेर आले. “पोरगी ठीक आहे. पण अपेंडिक्स साफ होतं. आतल्या गाठी सुजल्या होत्या, आपोआप बसल्या असत्या. माझा अंदाज चुकला.”

अण्णा कॉलर धरायलाच उठले. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार! मग लक्षात आलं, डॉक्टर ‘वेळेवर आणलंत, वाचली’ एवढंच म्हणाले असते तर आम्ही त्यांना पेढे दिले असते.

नंदा शुद्धीवर येईपर्यंत ते तिच्या उशाशी स्टुलावर बसून राहिले. “मी सांगते तिला,” नर्स म्हणाली.

“नको. वण मी दिलाय.”

तिने डोळे उघडल्यावर त्यांनी वाकून तिलाही तेच सांगितलं. मग तिची चादर सारखी केली.

असा कुणी तुमच्यापुढे उभा राहून आपली चूक आपणहून सांगू लागला, तर आधी त्याला बसायला सांगा, पाणी द्या. भांडा मग. तो कुठे पळून जाणार नाही.