बापाचा रकाना

नागोराव सरकारी मंडल कचेरीत कारकून. इंद्रवेल्लीत कोणाचाही अर्ज असो, लिहिणार तेच. साहजिकच पोरीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांनी दुसऱ्या कोणाला शिवूही दिला नाही.

पोरगी पंचफुला आदिलाबादेत कॉलेजात इंटरला होती. डोकं तल्लख, पण वाचायला बसली की अक्षरं जागा बदलायची. एकेका पानाला तास लागायचा. कॉलेजातल्या अशा मुलांना सरकार शिष्यवृत्ती देतं असं कळलं. फक्त डॉक्टरांचा दाखला हवा होता. त्याचा छापील नमुनाही नागोरावांनीच भरून दवाखान्यात दिला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात चपराशी ओरडला, "नागोराव!"

"पहिले बापाले विचारत असतीन," नागोराव म्हणाले. "तू बस माय, पिशवी धर." चष्मा पिशवीतच राहिला.

डॉक्टरांनी मान वर न करता कागद सरकवला. "पढ़िए."

बिनचष्म्याची अक्षरं मुंग्यांसारखी पळू लागली. "साहेब, हे तं हिलून राह्यले."

"कब से?"

पोरीबद्दलच विचारतात असं धरून नागोराव म्हणाले, "पहली कक्षा से, साहेब."

"सौ में से सात-सात घटाते जाइए."

"त्र्याण्णव... शहाऐंशी..." नागोरावांना घाम फुटला. "अठ्ठ्याहत्तर?"

डॉक्टर कळवळले. "घबराइए मत. पढ़ाई की कोई उम्र नहीं होती." आणि धाडकन शिक्का मारला. शिष्यवृत्तीच्या कचेरीत आणखी दोघा साहेबांनी त्यावर सह्या ठोकल्या. काम फत्ते!

नागोराव छाती काढून बाहेर आले. पंचफुला पायरीवर बसून दाखल्यावरून बोट फिरवू लागली.

"चाल ना, बस जाईन!"

"थांबा बाबा. ह्याच्यात तुमचं नाव हाय."

"असनच. बापाच्या रकान्यात."

"नाई. बापाच्या रकान्यात माहं हाय."

नागोरावांनी चष्मा लावला आणि मटकन खाली बसले. नमुन्यातले रकाने त्यांनी स्वतःच्याच हातानं उलटे भरले होते. तीन साहेबांनी सह्या केल्या, वाचलं मात्र एकट्या पंचफुलेनं.

दोघं धावत दवाखान्यात गेले. डॉक्टर ओशाळले. या खेपेस त्यांनी पंचफुलेला नीट तपासून तिच्या नावाचा दाखला दिला. पण जुना रद्द करायला तिथला कारकून काही केल्या तयार होईना. नोंदवहीत चढलेलं नाव असं कसं खोडायचं?

घरी बायको रुक्माबाई दारातच उभी होती. "झालं काहो पोरीचं?"

"झालं."

"मंग तोंड काऊन उतरलं तुमचं?"

नागोरावांनी टोपी खुंटीला अडकवली.

"मले मंगळवारी पुना बलावलं," ते म्हणाले. "सुधारलो का, ते पाहाले."