पंख्याखालचे नाना

मुलांची चित्रं टेबलावर मांडून झाल्यावर हमीदने चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत घातला. चित्रं होती तशीच राहिली.

"टीचर, विषय काय दिलेला आपण?"

"माझे आजी-आजोबा," नर्मदाबाई म्हणाल्या.

"मग ही टकलं कुणाची?"

हमीद आखातातल्या फुजैराच्या छोट्याशा कला मंडळाचा सेक्रेटरी. दिवसभर तो बंदरावर जहाजांच्या इंधनाचं वेळापत्रक सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात मंडळाचं. वर्षातून एकदा मंडळाचा कला महोत्सव भरे. हॉलमध्ये नाच-गाणी आणि शेजारच्या गॅलरीत चित्रं. यंदा गॅलरीची एक अख्खी भिंत नर्मदाबाईंनी भांडून मुलांसाठी मिळवली होती. चिपळूणच्या शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या, मुलाकडे इथे आल्या आणि महिन्याभरात दर शनिवारी मंडळाच्या पोरांना शिकवू लागल्या. शिकवल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे.

बहुतेक चित्रांत कागदाच्या तळाशी एक तपकिरी घुमट होता. त्यावर चार पांढरे केस. घुमटाच्या खाली कागद संपलेला, आणि वर पंखा. तनिषच्या कागदावर नुसता एक मोठा कान होता. अजराचा कागद सगळाच गुलाबी.

"हे काय?" हमीदने विचारलं.

"अजराची आजी. तिचं बोट कॅमेऱ्यावर असतं."

नर्मदाबाईंनी इनायाला जवळ घेतलं. इनाया सहा वर्षांची, वर्गातली सगळ्यात गंभीर चित्रकार.

"इनाया, नानांचं नाक कुठंय गं?"

"इट्स डाउन, टीचर."

"डाउन म्हणजे कुठे?"

इनायाने कागदाच्या खाली, टेबलावर बोट ठेवलं. "इन रत्नागिरी."

नर्मदाबाई हसल्या, आणि मग हसता हसता थांबल्या. या मुलांनी आजोबा पाहिले होते ते फोनच्या पडद्यावर. आजोबा फोन धरतील तेवढेच. "जे दिसतं ते काढायचं, मनचं काढायचं नाही," असं त्यांनीच तर शिकवलं होतं. मुलांनी मनचं एक रेघभरसुद्धा काढलेलं नव्हतं.

"हमीद, चित्रं अशीच लागणार."

"टीचर, चेअरमन येणार, पाहुणे येणार. मी त्यांना टक्कल दाखवू?"

तेवढ्यात इनायाची आई सुमैय्या आली आणि चित्र बघून मटकन खुर्चीत बसली.

"टीचर, बाबा येतायत गुरुवारी. व्हिजिट व्हिसावर, फर्स्ट टाइम! नातीने माझं चित्र काढलंय म्हणून सगळ्या मोहल्ल्यात सांगून झालंय. कोट शिवलाय त्यांनी. आता येऊन बघणार काय, तर टाळकं? तोंड नाही, नाक नाही... त्यांना किती वाईट वाटेल!"

नर्मदाबाईंची पाठ वळताच सुमैय्याने पेन्सिल घेऊन कागदाच्या कडेला कशीबशी एक दाढी बसवली. इनायाने ती पाहिली आणि भोकाड पसरलं.

"दॅट्स नॉट नाना! दॅट्स सम अंकल!"

नर्मदाबाईंनी मुकाट्याने खोडरबर काढला आणि अंकल पुसून टाकला.

गुरुवारी यूनुसनाना उतरले. विमानतळावर कोट घालून, दोन्ही हात पसरून उभे. इनाया आईच्या मागे लपली.

"हू इज ही?"

"अगं, नाना! रोज बोलतेस ना?"

"माय नाना इज इन द फोन," इनाया म्हणाली. या माणसाला दाढी होती, पोट होतं, पाय होते. तिच्या नानांना यातलं काही नव्हतं.

नानांनी आणलेलं आंब्याचं साठ तिने खाल्लं, पण त्यांच्या हातून नव्हे. टेबलावर ठेवून ते लांब गेल्यावर. "होईल सवय," नाना म्हणाले आणि बिनसाखरेचा चहा तसाच पिऊन टाकला. साखर घालायची राहिलीय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

इकडे हमीदला उपाय सापडला होता. शुक्रवारी चित्रं भिंतीवर लावून तो चिंतेत खिडकीशी उभा होता. समोर फुजैराचे उघडेबोडके तपकिरी डोंगर. त्याने डोंगर पाहिले, भिंत पाहिली, पुन्हा डोंगर पाहिले.

"खलास! प्रॉब्लेम खलास!"

कुणालाही न विचारता त्याने नव्या चिठ्ठ्या छापून चित्रांखाली चिकटवल्या. भिंतीचं नाव झालं 'आमच्या फुजैराचे डोंगर'. तनिषच्या आजोबांचा कान 'समुद्रातला शिंपला' झाला आणि अजराची आजी 'सूर्यास्त'.

शनिवारी, महोत्सवाच्या दिवशी, नर्मदाबाईंनी चिठ्ठ्या वाचल्या तेव्हा चेअरमनसाहेब आधीच भिंतीपुढे उभे राहून पाहुण्यांना समजावत होते, "बघा, मुलांना इथल्या मातीची किती ओढ! आणि प्रत्येक डोंगरावर खजुराचं झाड!"

"हमीद," नर्मदाबाई हळूच म्हणाल्या, "नंतर भेट मला."

हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या, त्या आवाजाला चिपळूणची दांडगी पोरं घाबरत.

एवढ्यात नाना आले. कोटाची सगळी बटणं लावलेली. "माझं चित्र कुठंय?"

"बाबा, ते... नंतर लावणारेत," सुमैय्या म्हणाली. नव्या चिठ्ठ्या पाहून तिचा जीव भांड्यात पडला होता.

नाना मान हलवत एकेक डोंगर बघत निघाले. एकापाशी थबकले. कागदाला नाक लावून उभे राहिले.

"सुमे, हा आपला पंखा."

"बाबा, ते झाड आहे. डोंगर आहे तो."

"झाड? माका शिकवतंस? हे एक पातं वाकलेलं बघ. तुझ्या लग्नात मांडवाचा बांबू आत आणताना वाकलं ते. रोज त्याच्याखाली बसतंय मी!"

मग त्यांची नजर पंख्याखाली गेली. डोंगरावर एक बारीक वाकडी रेघ होती. हमीदने तिला ओढा मानलं होतं. नानांचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला. लहानपणी विहिरीवर पडले होते त्याची खूण तिथे होती.

सुमैय्याने डोळे मिटून घेतले.

"हा मी," नाना म्हणाले. "लोकांना माझी दाढी ठाऊक, कोट ठाऊक. ही खूण पोरीने बघितली होय?"

इनाया नर्मदाबाईंच्या पदराआडून बघत होती. नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग खिशातला फोन काढला आणि खांबाच्या मागे गेले. सुमैय्याचा फोन वाजला. पडद्यावर कपाळ होतं, बाकी छत.

"नाना!" इनाया किंचाळली. मग बारकाईने बघत म्हणाली, "नाना, व्हेअर इज युवर फॅन?"

"पंखा ऱ्हायला रत्नागिरीत," फोन म्हणाला. "मी आलो."

खांबामागून नाना तोंडासमोर फोन धरून पुढे आले आणि वाकून तिच्यासमोर बसले. फोन हळूहळू खाली गेला. डोळे आले, नाक आलं, दाढी आली. इनायाने फोनकडे पाहिलं, माणसाकडे पाहिलं, आणि त्या खुणेवरून बोट फिरवलं. बोट तिथेच ठेवून तिने दुसऱ्या हाताने नानांच्या कोटाचं बटण धरलं. दिवसभर सोडलं नाही.

हमीद भिंतीवरच्या चिठ्ठ्या ओरबाडून काढत होता. "काढतोय, टीचर, काढतोय." नंतर तो खिडकीशी उभा राहून फोनवर कुणाला तरी विनवताना दिसला, "अम्मा, फोन कानाला नको लावू गं. समोर धर. आणखी खाली... आता दिसलीस."

पुढच्या शनिवारी नाना वर्गात खुर्चीवर बसले आणि सगळ्या मुलांनी त्यांना समोर बघून काढलं. इनायाच्या चित्रात नाक होतं, दाढी होती, बटणंसुद्धा मोजून काढली होती. नानांनी कागद लांब धरून, जवळ धरून पाहिला.

"झकास! पण वरती अगदीच ओकंबोकं वाटतंय. पंखा कुठंय?"

इनायाने नर्मदाबाईंसारखेच दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"नाना," ती फार धीराने म्हणाली, "ओन्ली ड्रॉ व्हॉट यू सी."

नानांनी वर पाहिलं. छतात एसीची जाळी होती.

"खरंच की," ते म्हणाले आणि खुर्चीत सरळ बसले.