गोळी गरम पडली

औषध पोटात गेल्यावर दोन कामे करते: एक डॉक्टरला हवे असते ते, आणि एक त्याच्या स्वतःच्या मनात असते ते. या दुसऱ्या कामाला मोठ्या शहरांत साइड इफेक्ट म्हणतात आणि त्याचे शेकडो प्रकार पाडतात. आम्ही घाटंजीकरांनी हा पसारा केव्हाच आवरला आहे. आमच्या गल्लीत एकच प्रकार मान्य आहे: गोळी गरम पडली. उपायही एकच, ताक. (आपले नसल्यास शेजारचे.)

गोळीच्या खोक्यात घडी केलेला एक कागद येतो. अक्षर मुंगीएवढे, भाषा इंग्रजी. शेजारच्या इंदुताईंना बीपीची नवी गोळी सुरू झाली तेव्हा त्यांनी तो वाया जाऊ दिला नाही. त्यांच्या शिलाई मशीनचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली तो बरोबर बसला. मशीन हलायची थांबली. औषधाचा पहिला गुण आला तो असा.

आठव्या दिवशी इंदुताईंना कोरडा खोकला सुरू झाला आणि तो काही केल्या थांबेना. तेव्हा विमलताईंच्या ओट्यावर समिती बसली. अध्यक्ष विमलताई, कारण ओटा त्यांचा. तज्ज्ञ सदस्य शंकरसिंग, कारण ते यवतमाळला अकरा दिवस दवाखान्यात भरती होते (पाय मोडला होता, पण अनुभव तो अनुभव). सचिव मी, कारण बत्तीस वर्षे सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. खोकल्याच्या कारणावर मतदान झाले: कापसाची धूळ तीन, फोडणीचा ठसका दोन, नजर चार. (मते सदस्यांपेक्षा जास्त पडली, उत्साह होता.)

गोळीला एकही मत पडले नाही. गोळी बीपीची, खोकला घशाचा, खातेच वेगळे. एका खात्याच्या कामाचा त्रास दुसऱ्या खात्यात होतो, हे मी नोकरीत असताना कधी कबूल केले नाही, आता कशाला करू?

आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्त्या लालीबाई तेवढ्यात वजनाचा काटा घेऊन चालल्या होत्या. त्या थांबून म्हणाल्या, "काकू, नवी गोळी सुरू झाल्यापासूनच हाय ना खोकला? डॉक्टरले सांगा. आपल्या मनानं काही करू नका."

या सूचनेची नोंद घेण्यात आली. (कचेरीत काम केलेल्यांना याचा अर्थ कळेल.) त्यानंतर आपल्या मनाने असे ठरले की गोळी अर्धी करून ताकाबरोबर घ्यावी. अर्धी गोळी अर्धीच गरम पडेल, हे गणित चौथीच्या पोरालाही पटावे.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, इंदुताईंचा वरचा ओठ सुजला. समितीची तातडीची सभा भरली.

"गांधीलमाशी चावली," शंकरसिंग म्हणाले.

"गोळी गरम पडली व माय! ताक आणा," विमलताई म्हणाल्या.

इंदुताईंनी ताकाचा गिलास तोंडाला लावला, पण घोट उतरेना. त्या कशाबशा बोलल्या, "जीभ... जड लागून राह्यली मले." मी ते वाक्य इतिवृत्तात लिहून घेतले आणि खरे सांगतो, दोनदा चुकले, दोनदा खोडले. चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. पण ठराव व्हायचा होता.

लालीबाई आल्या त्या ओरडतच. "मीटिंगा कायच्या भरवून राह्यले? बाई गुदमरून राह्यली!" त्यांनी गल्लीतल्या वाहिदची रिक्षा थांबवली, गोळ्यांची पट्टी घेतली, मशीन उचलून पायाखालचा कागद ओढला आणि इंदुताईंना घेऊन निघून गेल्या. अध्यक्षांची परवानगी घेतली नाही, ही बाब मी नमूद केली आहे.

दवाखान्यात सुया टोचल्या, नळी लावली. डॉक्टरांनी कागद उलगडून वाचला. कोरडा खोकला त्यात होता. ओठ, जीभ, चेहरा सुजला किंवा श्वास अडला तर गोळी बंद करून ताबडतोब दवाखाना गाठा, हेही होते. ताक कुठेच नव्हते. "अजून थोडा उशीर झाला असता तर..." एवढेच डॉक्टर म्हणाले. वाक्य अपुरे असल्याने ते इतिवृत्तात घेतलेले नाही.

तीन दिवसांनी इंदुताई घरी आल्या. गोळी बदलली, खोकला गेला. मशीन मात्र पुन्हा डुगडुगते आहे.

उरला प्रश्न जुन्या पट्टीचा. तीत नऊ गोळ्या शिल्लक होत्या. चांगले औषध उकिरड्यावर टाकणे आमच्या संस्कारात बसत नाही. डॉक्टरांनी ती गोळी इंदुताईंना बंद केली आहे, माझे नाव त्यांनी कुठेही घेतलेले नाही, आणि बीपी मलाही आहे. सबब पट्टी माझ्याकडे वर्ग झाली. सहा गोळ्या झाल्या, छान मानवली. कालपासून थोडा कोरडा खोकला आहे, तो कापसाच्या धुळीचा.

तुम्ही हसून राह्यले. हसा. पण तुमच्या फ्रिजवर जो डबा आहे, त्यात एक कापलेली पट्टी आहे. तिच्यावरचे नाव आणि तारीख दोन्ही कात्रीत गेले आहेत. ती कोणी, कोणासाठी, कशावर लिहून दिली होती, आणि मागच्या महिन्यात डोके दुखले तेव्हा तुम्ही तिच्यातली गोळी घेतली ती कशी काय? जा, बघून या. मी थांबतो, तसाही ओठ जरा जड लागून राह्यला, ताक सांगितले आहे.