चिमट्याचं तंत्रज्ञान हस्तांतरण

अल्लीपूरच्या रूपरावांनी फेब्रुवारीत एक चिमटा बनवला. कपाशीचा शेवटचा वेचा झाला की वाळलेली पऱ्हाटी उपटावी लागते, आणि त्यात त्यांच्या बायकोची, नलूबाईंची, कंबर दरवर्षी कामातून जायची. म्हणून आपल्या वेल्डिंगच्या दुकानात त्यांनी एका पाइपाला दोन दातेरी जबडे जोडले. खोड पकडायचं, दांडा दाबायचा, झाड मुळासकट वर. इथवर सगळं ठीक होतं. पण रूपरावांना कौतुकाची हौस, त्यांनी चिमटा वर्ध्याच्या कृषी मेळाव्यात नेला.

तिथे एका विद्यापीठाच्या 'संशोधन-उद्योग सेतू कक्षा'च्या समीक्षा मॅडमना तो फार आवडला. जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेला चालना देण्यासाठी कक्षाला मार्चअखेर एक संशोधन उद्योगाशी जोडायचं होतं, आणि जोडण्यासारखं हाती काहीच नव्हतं. "काका, आठ दिवस ठेवून जा, इथे एक सही करा," त्या म्हणाल्या. भल्या माणसानं दोन्ही केलं.

नवव्या दिवशी रूपराव कक्षात हजर. अर्जात अडचण निघाली होती.

"संशोधक कोण?" मॅडमनी विचारलं.

"मीच."

"आणि उद्योजक?"

"थोबी मीच."

"मग सेतू कुठून कुठे बांधायचा? सेतूला दोन टोकं लागतात काका. तुम्ही तर एकटेच एका खुर्चीवर बसलात."

रूपराव घाईघाईनं शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. तेवढ्यानं काही भागलं नाही.

मग संशोधक म्हणून प्राध्यापक योगेंद्र नेमले गेले. त्यांनी जन्मात पऱ्हाटी उपटली नव्हती, त्यामुळे त्यांची दृष्टी निःपक्षपाती होती. उद्योजक म्हणून प्लास्टिकच्या खुर्च्या बनवणारी नागपूरकडची एक कंपनी मिळाली. योगेंद्र सरांनी पहिल्याच बैठकीत नियम सांगितला की आधी संशोधन आणि मग यंत्र, उलट चालत नाही. सबब चिमटा अद्याप अस्तित्वात नाही असं सर्वानुमते ठरलं आणि तो कपाटात कुलूपबंद झाला.

"मॅडम, पऱ्हाटी उभी हाये. नलू हातानं उपटून राह्यली. माहा चिमटा द्या न," रूपराव काकुळतीला आले.

"जो अजून बनलाच नाही तो देऊ कसा?"

"मंग मी दुसरा बनवतो."

"ती आमच्या संशोधनाची नक्कल होईल. तशी सही केलीय तुम्ही."

पुढच्या आठवड्यात योगेंद्र सर प्रश्नावली घेऊन अल्लीपुरात आले. पऱ्हाटी उपटायला काय हवं, असं त्यांनी चाळीस शेतकऱ्यांना विचारलं. चाळीसही जण म्हणाले, "रूपरावचा चिमटा. तुमच्याच कपाटात हाये थो." पण छापील पर्याय दोनच होते, प्रशिक्षण आणि जनजागृती. गावाला जनजागृतीची तीव्र गरज असल्याची नोंद झाली.

रात्रीच्या जेवणाला नलूबाई पाठ टेकून बसल्या. "तुमाले कोनं सांगतलं होतं तिकडं न्याले?" एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी रूपराव पुन्हा कक्षात हजर.

मार्चअखेर चिमटा आता अस्तित्वात आल्याचं सर्वानुमते ठरलं, तो कपाटातून निघाला आणि लोकार्पण सोहळा झाला. चिमटा स्वीकारायला एक लाभार्थी शेतकरी हवा होता, आणि कक्षात सर्वाधिक खेटे घातल्याबद्दल रूपरावांचीच निवड झाली. डावीकडे योगेंद्र सर, उजवीकडे खुर्च्यांचे मालक, मध्ये चिमटा धरलेले रूपराव. फोटो झाला. शिपाई चिमटा परत घ्यायला आला तेव्हा रूपराव म्हणाले, "जरासा बाहेर जाऊन येतो." ते चिमटा खांद्यावर टाकून निघाले ते थेट गावाकडे जाणाऱ्या हिंगणघाटच्या एसटीत बसले.

कक्षात तातडीची बैठक बसली. चोरी नोंदवावी तर वर्षाचं उद्दिष्ट हुकत होतं. विचारांती अहवालात लिहिलं गेलं, 'विद्यापीठातून थेट बांधापर्यंत, विक्रमी वेळेत तंत्रज्ञान हस्तांतरण.' तिकडे नलूबाईंनी उरलेली पऱ्हाटी उभ्या उभ्या, हसत उपटली.

आता तुम्हीही हसताय. पण तो फोटो तुमच्याही मोबाइलवर आला होता. खाली दोघांचीच नावं होती आणि मधला माणूस कोण, हे तुम्ही विचारलं नाही. 'अभिनंदन सर' असं लिहिलंत आणि पुढे पाठवून दिलात.