उंदराने खाल्लेला खोका

एका जंगलात वाघ होते, सिंह होते, पण त्यांचं या गोष्टीत काही काम नाही. त्याच जंगलात उंदरांची एक वसाहत होती आणि वसाहतीत कौस्तुभ नावाचा एक उंदीर राहत होता. बाळांनो, हा उंदीर फार दुःखी होता. त्याचं बीळ स्वतःचं होतं. पोटापुरतं धान्य होतं. चार महिन्यांपूर्वी लग्नही झालं होतं. तरी दुःखी होता, कारण लहानपणी त्याने एक खोका खाल्ला होता.

उंदराने खोका खाल्ला तर त्यात दुःख कसलं, असं तुम्ही विचाराल. विचारा. तुम्ही अजून लहान आहात.

तो खोका व्हिडिओ गेमचा होता. पाचवीत कौस्तुभचा नंबर आला म्हणून त्याच्या बाबांनी आणलेला. खोक्यावर छत्री घेतलेल्या बेडकाचं रंगीत चित्र होतं. गेममध्ये हा बेडूक छपरांवरून उड्या मारत जायचा आणि पावसात भिजला की मरायचा. भिजून बेडूक मरतो कसा, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. टीव्ही काजव्यांवर चालायचा. मंगळवारी काजव्यांचं भारनियमन असे, तेवढा वार सोडला तर बेडूक रोज उड्या मारायचा.

आता त्या गेमचे हाल ऐका. कॅसेट अडकली की कौस्तुभ आणि त्याची ताई तिच्यात आळीपाळीने फुंकर मारायचे. फुंकरीत हवा कमी आणि थुंकी जास्त असे. मग कॅसेट बनियनला पुसायची आणि पुन्हा बसवायची. तिच्यावरचा स्टिकर कौस्तुभने अर्धा सोलला आणि उरलेल्या अर्ध्यावर स्केचपेनने 'कौस्तुभ, ५ वी ब' असं लिहिलं. माहितीपुस्तिकेचं कव्हर इतिहासाच्या वहीला घातलं. थर्माकोल गणपतीच्या मखराला गेला. रिमोटची वायर पुढे मोजे वाळत घालायला कामी आली.

आणि खोका? उंदरांच्या घरात पुठ्ठा वाया घालवत नाहीत. झाकण एकादशीला संपलं, कारण पुठ्ठा उपासाला चालतो. काका आले तेव्हा चहाबरोबर दोन बाजू वाढल्या. शेवटी राहिला तो चित्राचा तुकडा. तो कौस्तुभने स्वतः खाल्ला. आधी छत्री, मग बेडूक.

तेव्हा त्याला तो छानच लागला होता. दुःख व्हायला वीस वर्षं लागली.

ते असं झालं. एके दिवशी कावळ्याने बातमी आणली की नदीपलीकडच्या जंगलात बेडकाचा तोच गेम न उघडलेल्या खोक्यात सापडला आहे. काचेच्या कपाटात ठेवलाय आणि जनावरं रांग लावून बघायला येतायत. काहींना रडू येतंय.

झालं. अलीकडच्या जंगलातही सगळ्यांना रडू यायला लागलं. आदल्या दिवसापर्यंत ज्यांना बेडूक आठवतही नव्हता, त्यांनी 'अखंड खोका मंडळ' स्थापन केलं. अध्यक्ष म्हणून कमलाकर कासवाची निवड झाली. ती बिनविरोध झाली, कारण अख्ख्या जंगलात एकट्या त्याच्याकडे गेम सीलबंद होता. शिवाय तो स्वतःही जन्मापासून मूळ पॅकिंगमध्येच होता.

मंडळाची सभा रोज सकाळी भरे. एकेकाने उठून आपलं पाप सांगायचं. माकड म्हणालं की मी रिमोटच्या वायरीला लोंबकळायचो. अस्वलाने कॅसेट चाटल्याचं कबूल केलं. म्हैस नुसतं म्हणाली, "बसले मी त्याच्यावर," आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

मग कौस्तुभ उठला.

"मी खाल्ला," तो म्हणाला.

एवढं मोठं पाप त्या मंडळात कुणाच्याच नावावर नव्हतं. बऱ्याच वेळाने मागून घोरपडीने हळूच विचारलं, "चवीला कसा होता?"

"कोपरे चांगले होते," कौस्तुभ म्हणाला आणि त्याला हुंदका आला.

त्या दिवशी घरी येऊन त्याने शपथ घेतली. यापुढे या घरात एकही खोका उघडला जाणार नाही.

आता बाळांनो, शपथ घेणारा एक असतो आणि शपथेत राहणारे वेगळे असतात. या घरात राहणाऱ्या होत्या दोघी. एक कौस्तुभची आई आणि दुसरी त्याची बायको, ऋजुता. ऋजुता बोलायची कमी. सासरी नवीन होती, त्यामुळे सगळे म्हणायचे, मुलगी शांत आहे. ती बघत असायची, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

लग्नात त्यांना आहेर भरपूर आला होता. मिक्सर, कुकर, कप-बशांचे तीन सेट, भिंतीवरचं घड्याळ आणि चेन लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जाड रजई. कौस्तुभने हे सगळं बिळाच्या दर्शनी भागात रचून ठेवलं आणि समोर दोरी बांधली. चहा पूर्वीसारखाच शेंगांच्या टरफलांतून प्यायचा. चटणी दातांनी वाटायची. घड्याळ खोक्यातल्या खोक्यात टिकटिक करायचं. त्यामुळे वेळ जातो आहे एवढं कळायचं, किती वाजले ते कळायचं नाही.

आईंचं दुःख आणखी वेगळं होतं. त्या दोरीच्या अलीकडे बसून खोक्यांकडे बघत राहायच्या. त्यांच्या काळी असा एक खोका म्हणजे आठवड्याची सोय होती. निदान मिक्सरचं झाकण तरी, असं त्यांनी मुलाला दोनदा सुचवून पाहिलं. त्याने आईकडे अशी नजर टाकली की त्या उठून आत गेल्या.

पौष लागला. बिळात गारठा शिरला. एका सकाळी ऋजुताने चार महिन्यांत पहिल्यांदा काही मागितलं.

"अहो, ती रजई काढू या का?"

कौस्तुभ समजुतीच्या सुरात म्हणाला, "ऋजुता, आज उघडली तर वीस वर्षांनी मला काय वाटेल, विचार कर."

"आज नाही उघडली तर मला आजच थंडी वाटेल."

यावर तो हसला. तिला अजून पश्चात्ताप म्हणजे काय ते माहीत नाही, असं काहीसं म्हणाला आणि सभेला गेला. जाताना त्याने तिच्या हातांवरची मेंदी बघितली. लग्नाची मेंदी कधीच गेली होती, नखांवर तेवढी उरली होती. 'जपायला हवी होती' असा चेहरा करून त्याने एक सुस्कारा सोडला.

पुढच्या आठवड्यात कमलाकर कासव घरी आला. मंडळाचं वार्षिक प्रदर्शन होतं आणि त्यासाठी घरोघर जाऊन खोके पाहायचे होते. कौस्तुभने सकाळपासून खोके पुसले. ऋजुताला पोहे करायला सांगितलं.

कासव आला, बसला, पोहे घेतले. मग एकेक खोका पुढे आणण्यात आला. त्याने मिक्सरचा खोका वळवून दाखवायला सांगितला. रंग उजेडात पाहिला. कोपरे नीट आहेत ना, कुठे काही लपवलेलं नाही ना, घरातलं आधी कुणी असं चेपलेलं वगैरे, अशी चौकशी केली. ऋजुता दाराशी उभी होती. पाच महिन्यांपूर्वी तिच्याही घरी असेच पोहे झाले होते.

मिक्सर पसंत पडला. कासव खुशीत आला आणि त्याने सोबत आणलेला आपला प्रसिद्ध खोका झोळीतून काढून दाखवला. छत्री, बेडूक, वरचं चकचकीत प्लॅस्टिक, सगळं जसंच्या तसं. कौस्तुभचे डोळे भरून आले.

"भावजी," ऋजुताने विचारलं, "यातला बेडूक उडी कशी मारतो?"

कासवाने खोका उलटा करून मागची बाजू पाहिली. कौस्तुभने बायकोकडे डोळे वटारले.

"माहीत नाही, वहिनी," कासव शेवटी म्हणाला. "बाबा म्हणाले होते, परीक्षा झाली की उघड. मग पुढची परीक्षा आली. मग बाबा गेले. मग मंडळ झालं."

हे ऐकून कौस्तुभला राहवलं नाही. तो सांगायला लागला. पहिली चार छपरं सोपी असतात. पाचव्यावर मांजर बसलेली असते, तिथे छत्री मिटायची, नाहीतर वारा मागे ढकलतो. सातव्या छपरावर ढग येतो. बटण दाबून धरायचं आणि अगदी शेवटच्या क्षणी सोडायचं. ताईला ते कधीच जमलं नाही, ती दरवेळी ढगात अडकायची आणि मला चिमटे काढायची. सांगता सांगता तो उभा राहिला. पाटावरून डब्यावर, डब्यावरून पुन्हा पाटावर उड्या मारू लागला. शेपटी उंच गेली होती. कासवाने मान बाहेर काढली, आणखी काढली. एवढी लांब मान त्याच्याकडे आहे, हे जंगलात कुणालाच माहीत नव्हतं.

"आणि ढगाच्या पलीकडे?" कासवाने विचारलं.

"पलीकडे ऊन असतं," कौस्तुभ म्हणाला.

मग कौस्तुभला आपण कोण आहोत ते आठवलं. तो पाटावर बसला आणि म्हणाला, "पण काय उपयोग. खोका नाही राहिला."

"हो ना," म्हणत कासवाने मान आत घेतली आणि आपला खोका झोळीत ठेवला.

ऋजुताने पोह्यांच्या बशा उचलल्या. बशा म्हणजे टरफलंच. आत जाऊन तिने ती घासली आणि घासता घासता तिच्या एक गोष्ट लक्षात आली. या घरात रजई कुणालाच नको होती, मिक्सरही नको होता. हवे होते ते खोके. मग भांडण कसलं?

दुसऱ्या दिवशी कौस्तुभ सभेला गेल्यावर ती दोरीखालून पलीकडे गेली. तिने मिक्सरचा खोका अलगद आडवा केला आणि तळाच्या चिकटपट्टीच्या कडेने, एक धागा इकडेतिकडे न होऊ देता, दातांनी सरळ रेघ मारली. मागे खुडबुड झाली. वळून पाहिलं तर आई उभ्या.

आईंनी खोक्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

"आतला पुठ्ठा बाहेरून दिसत नाही," ऋजुता म्हणाली.

"मी कशाला कुणाला सांगतेय," म्हणत आई तिच्या शेजारी येऊन बसल्या.

त्या दिवसापासून दोघींचं फार छान जमलं. आधी मिक्सर निघाला, मग कुकर, मग कप; कौस्तुभ घरी यायच्या आत सगळं धान्याखाली लपवलं जायचं. आतले पुठ्ठ्याचे कप्पे आईंनी एकादशीपर्यंत पुरवून खाल्ले. प्रत्येक खोका बाभळीच्या डिंकाने तळाशी चिकटवून जागच्या जागी ठेवला. घड्याळ तेवढं आतच ठेवलं, कारण टिकटिक बंद झाली असती तर चोरी कळली असती. रजई जुन्या गोधडीच्या खोळीत घातली आणि तिच्या पिशवीत चिंध्या भरून चेन लावली.

कौस्तुभला काही कळलं नाही. घर बरं वाटतंय एवढंच त्याला जाणवलं. गोधडी पांघरून तो म्हणाला, जुन्या गोष्टींची ऊबच वेगळी. चटणी खाऊन म्हणाला, दाताने वाटलेल्याची चव मिक्सरला येत नाही. आईंना जोराचा ठसका लागला. ऋजुताने त्यांना पाणी दिलं.

प्रदर्शनाचा दिवस आला. मोठ्या वडाखाली अख्खं जंगल जमलं. कौस्तुभचे खोके गाढवाच्या पाठीवरून आले; लादायचं काम सासू-सुनेने स्वतःकडे घेतलं होतं. गाढव खोक्यांच्या वजनाबद्दल काही बोललं नाही. वजन कमी असल्याची तक्रार कोण करतं? परीक्षकांनी कोपरे पाहिले, चिकटपट्ट्या पाहिल्या. उघडून मात्र काही पाहिलं नाही, कारण तसा नियमच होता. नवोदित विभागात कौस्तुभच्या मिक्सरला पहिलं बक्षीस मिळालं.

मंडळाची पद्धत अशी होती की विजेत्याने खोका डोक्यावर उचलून चारही बाजूंनी सभेला दाखवायचा. कौस्तुभ मंचावर गेला. त्याने पाय रोवले, दम घेतला आणि खोक्याला हात घातला.

खोका पिसासारखा वर आला.

कौस्तुभ अर्ध्यावर थांबला. त्याने खोक्याकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोकडे पाहिलं. ऋजुता नेहमीसारखीच शांत होती. तिच्या शेजारी आई वडाच्या पारंब्या बघत होत्या. त्याला चटणी आठवली. गोधडी आठवली. कानाशी अध्यक्ष कासव कुजबुजला, "जड आहे का फार? मदत पाठवू?"

तोंडातून एक शब्द गेला असता तर बक्षीस गेलं असतं, मंडळ गेलं असतं आणि घरी रजई पिशवीतल्या चिंध्यांच्या जागी परत गेली असती.

"जड आहे," कौस्तुभ म्हणाला. "पण उचलतो."

आणि त्याने खोका खाली टेकवला, पुन्हा वाकला, गुडघे थरथरवले. पाठीला बाक आणला. दात-ओठ खाऊन, कण्हत-कुंथत तो खोका इंच-इंच वर नेला. मध्ये एकदा तोल गेल्यासारखं केलं, तेव्हा म्हशीने डोळे मिटून घेतले. चारी बाजूंना वळताना त्याची शेपटी हळूहळू उंच होत गेली. सगळ्या जंगलाने टाळ्या वाजवल्या. ऋजुताने वाजवल्या नाहीत. ती हसू दाबत होती, आणि मंचावरून तो तिलाच बघत होता.

वीस वर्षांनी तो उंदीर पुन्हा खेळत होता, बाळांनो. आणि याही खेपेला ढगात अडकला नाही.

तात्पर्य : खोका कधीही फाडू नये. नेहमी खालच्या बाजूने उघडावा.